डाळिंबाच्या सालीचा पिवळा रंग काळपट येतोय? माझा अनुभव

वडगावच्या विणकरांकडचं सुती कापड घेऊन मी घरीच रंगवते, पण डाळिंबाचा पिवळा दरवेळी राखाडी यायचा. तुरटी वाढवली, लोखंडी कढई सोडून स्टीलचं पातेलं घेतलं, साली बदलल्या, तरी तेच. चार मीटर कापड वाया गेलं, रडूच आलं.

दोष आमच्या बोअरच्या पाण्यातल्या लोहाचा. ग्लासभर पाण्यात चिमूटभर हिरडा पूड टाका, पाणी काळसर झालं की समजा लोह आहे, हिरड्यातल्या आणि डाळिंबाच्या सालीतल्या टॅनिनशी (तुरट द्रव्याशी) मिळून तेच काळं करतं.

आता सगळं पावसाच्या पाण्यात करते, बेळगावात त्याला काय तोटा, कौलाच्या पन्हळीखाली पिंप लावलंय, फक्त गंजक्या पत्र्याचं पाणी नको. अर्धा किलो कापडाला: आधी धुण्याच्या सोड्यात तासभर उकळून खळ काढायची, मग १०० ग्रॅम हिरड्याच्या पाण्यात रात्रभर, न धुता पिळून वाळवायचं, मग ७५ ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवून तासभर, परत वाळवायचं. अर्धा किलो सुक्या साली तासभर उकळून गाळा, त्यात कापड मंद आचेवर पाऊण तास, आणि त्याच पाण्यात गार होऊ द्या, घाई नको. सावलीत वाळवून दोन दिवसांनी रिठ्याने धुवा, तेपण पावसाच्याच पाण्यात.