रोजच्या वापरातील गाडीत अंतर्सजावट राखून रोल केज बसवण्याची पद्धत

गाडी उलटली तर छत आत दबू नये, यासाठी आतून उभारलेला पोलादी नळ्यांचा सांगाडा म्हणजे रोल केज. तो मुळात हेल्मेट घातलेल्या आणि खांद्यांवरून व कमरेवरून पट्ट्यांनी सीटशी जखडलेल्या स्पर्धकासाठी आखलेला असतो. रोजच्या गाडीत आपण हेल्मेट घालत नाही आणि मूळ सीटबेल्ट धडकेच्या वेळी शरीराला थोडे पुढे जाऊ देतो, त्यामुळे डोक्यापासून वीतभर अंतरावर असलेली उघडी नळी साध्या अपघातातही कवटी फोडू शकते. म्हणून पुढील सगळ्या सूचना एकाच नियमावर उभ्या आहेत : केजची कोणतीही नळी बसणाऱ्याच्या डोक्याच्या आवाक्यात येता कामा नये आणि कारखान्याने दिलेल्या सीटबेल्टच्या व एअरबॅगच्या कामात तिने आड येता कामा नये.

हा नियम पाळायचा तर पूर्ण केज बाद होतो, कारण त्याच्या पुढच्या नळ्या काचेच्या खांबांलगत, म्हणजे चालकाच्या कपाळाजवळून जातात. उरतो तो अर्धा केज. त्यात पुढच्या सीटांमागे दोन्ही बाजूंच्या जमिनीवर टेकलेली एक अखंड कमान असते, जिला कारागीर मेन हूप म्हणतात. तिच्या वरच्या वळणांपासून मागच्या चाकांच्या कमानींकडे उतरणारे दोन टेकू असतात आणि कमानीच्या आत एक तिरपी नळी असते. डॅशबोर्ड, दरवाजे आणि पुढच्या सीटा जशाच्या तशा राहतात. मागची सीट दिसायला जागेवर राहील, परंतु तिच्यावर माणूस बसवायचा नाही, कारण बसणाऱ्याच्या तोंडासमोरच कमान आणि तिरपी नळी येते. लग्नसराईत पाच-सहा जणांना घेऊन भुसावळहून धुळ्याला जाणारी घरातील एकमेव गाडी असेल, तर तिच्यात केज बसवूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. छताच्या कडेतून उघडणाऱ्या पडदा-एअरबॅग असलेल्या गाडीतही हे काम करू नये, कारण कमान नेमकी त्या पडद्याच्या वाटेत उभी राहते.

पत्र्याला हात लावण्यापूर्वी कायद्याची बाजू पाहावी. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने मूळ नमूद केलेल्या आणि नोंदणीत आलेल्या तपशिलांशी विसंगत ठरणारा बदल मालकाला करता येत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका उचलून धरली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये असा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही सांगितले आहेत. तेव्हा गाडी एमएच १९ (जळगाव) ची असो, १८ (धुळे) ची असो वा ३९ (नंदुरबार) ची, आपल्या परिवहन कार्यालयाला आराखड्यासह लेखी विचारावे, विमा कंपनीलाही लेखी कळवावे आणि दोन्ही उत्तरे हाती आल्यावरच नळी विकत घ्यावी. मागची सीट काढून टाकल्यास आसनसंख्याही बदलते, हे आणखी एक कारण ती जागेवर ठेवण्याचे.

नळीच्या बाबतीत तडजोड करू नये. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या, म्हणजे एफआयएच्या नियमांत कमानीसाठी थंड ओढलेली, बिनजोड, साध्या कार्बन पोलादाची नळी सांगितली आहे. तिची ताणशक्ती किमान ३५० मेगापास्कल आणि माप ४५ मिमी व्यास व २.५ मिमी जाडी किंवा ५० मिमी व्यास व २ मिमी जाडी असावे लागते. टेकू आणि तिरप्या नळीसाठी ३८ मिमी व २.५ मिमी किंवा ४० मिमी व २ मिमी चालते. ग्रिल-गेटच्या दुकानात सहज मिळणारी नळी बहुधा शिवणीची आणि पातळ असते. ती फर्निचरला ठीक आहे, केजला नाही. पाण्याची जीआय नळी तर अजिबात नको, कारण तिच्यावरील जस्ताचा थर वेल्डिंगच्या वेळी विषारी धूर सोडतो आणि जोडही बिघडवतो. जळगाव-धुळ्यात योग्य नळी मिळाली नाही तर नाशिक किंवा पुण्याहून मागवावी आणि तिच्यासोबत चाचणीचे प्रमाणपत्र मागावे. हॅचबॅकचा अर्धा केज पट्ट्यांसह साधारण २५ किलोच्या आसपास जातो.

नळी वाकवण्याचे काम थंड अवस्थेत आणि योग्य डायवरच, म्हणजे नळीच्या मापाच्या साच्यावरच व्हावे. वाळू भरून गॅसवर तापवून वाकवलेली नळी त्या जागी कमकुवत होऊ शकते, आणि सायलेन्सरच्या नळ्या दाबून वाकवणाऱ्या यंत्रावर तिला आतल्या अंगाने सुरकुत्या पडतात. वळणाची त्रिज्या नळीच्या व्यासाच्या किमान तिप्पट असावी. वळणावर नळी थोडी लंबगोल झाली तर लहान व्यास मोठ्या व्यासाच्या ०.९ पटीपेक्षा कमी भरू नये; कॅलिपर लावून हे तिथेच तपासावे आणि कमी भरल्यास ती नळी बाद करावी.

कमानीचा आकार कागदावर ठरवण्यापेक्षा गाडीत ठरवणे चांगले. वायरिंगच्या कामाची पीव्हीसी नळी गरम करून मनासारखी वाकवता येते. तिचाच कच्चा नमुना करून तो गाडीत उभा करावा. पुढची सीट घरातील सर्वांत उंच चालकाच्या सोयीच्या जागेवर ठेवून त्याला बसवावे आणि डोके मागे व बाजूला कुठवर जाते ते पाहावे. मागून धडक बसली तर सीटची पाठही मागे झुकते, म्हणून डोक्याच्या उशीला नमुना टेकत असेल किंवा जेमतेम बोटभर अंतर राहत असेल, तर कमान मागे सरकवावी. हाच नमुना डिकीतून किंवा दारातून आत-बाहेर काढून पाहावा, कारण मेन हूप अखंड असावा लागतो आणि तो आत जातच नाही, हे वाकवल्यानंतर कळले तर सगळा खर्च वाया जातो. टेकू उभ्या रेषेशी किमान ३० अंशांचा कोन करतील, इतके मागे जाऊ द्यावेत.

आता आतील भाग उतरवावा. बॅटरीच्या तारा काढून गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबावे आणि मगच सीट, बेल्ट व पुढच्या-मागच्या दारांमधल्या खांबावरील प्लास्टिकला हात लावावा. सीटबेल्ट आवळणाऱ्या यंत्रणेत स्फोटक असते आणि एअरबॅगच्या पिवळ्या वायरींचे जोड ओढून काढण्यासारखे नसतात. गालिचा उलटून खालचा पत्रा उघडा करावा. भोक पाडण्याआधी गाडीखाली वाकून पेट्रोलची टाकी, इंधनाच्या व ब्रेकच्या नळ्या कुठून जातात ते प्रत्यक्ष पाहावे. बहुतेक हॅचबॅकमध्ये टाकी मागच्या सीटखालीच असते. आपल्याकडे अनेक गाड्यांच्या डिकीत सीएनजीची टाकी असते. ती अधिकृत केंद्राकडून उतरवून घेतल्याशिवाय ठिणगीचे कोणतेही काम करू नये.

कमानीचे पाय मधल्या खांबाला वेल्ड करण्याचा मोह टाळावा. अलीकडच्या गाड्यांत हा खांब अतिमजबूत पोलादाचा असतो आणि वेल्डिंगच्या उष्णतेने ते पोलाद नरम पडते. म्हणजे बळकटी देण्याच्या प्रयत्नात कारखान्याने दिलेले बळच आपण काढून घेतो. पाय उंबरठ्यालगतच्या जमिनीवर टेकवावेत. तेथे किमान ३ मिमी जाड आणि १२० चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळाची पट्टी पत्र्याच्या चढउतारानुसार वाकवून वेल्ड करावी आणि कमानीचा पाय तिच्यावर किमान तीन एम ८ (८ मिमी व्यासाच्या) बोल्टांनी आवळावा. टेकूंना प्रत्येकी किमान दोन बोल्ट व ६० चौरस सेंटिमीटरची पट्टी लागते. बोल्ट ८.८ प्रतीचे आणि नट लॉकचे घ्यावेत. एम ८ साठी सुमारे २५ न्यूटन-मीटर ताण पुरतो. पट्टीच्या कडा सीलरने बंद कराव्यात, पण उंबरठ्यातील पाणी निघून जाण्याची भोके बुजवू नयेत.

ट्रॅक्टर-ट्रॉली बनवणारे आपल्याकडील वेल्डर जाड लोखंडात तरबेज असतात, परंतु अडीच मिमीच्या नळीचे काम वेगळे असते. काम देण्यापूर्वी त्यांच्याकडून त्याच नळीचे दोन तुकडे सीओटू किंवा टिग वेल्डिंगने जोडून घ्यावेत आणि जोड हॅक्सॉने उभा कापावा. कापलेल्या तोंडावर वेल्डचे धातू नळीच्या आतल्या कडेपर्यंत एकजीव झालेले दिसले पाहिजे; वरून सुंदर खवले आणि खाली काळी बारीक रेघ दिसली, तर तो जोड नुसता चिकटलेला आहे. गाडीत फक्त टॅक, म्हणजे नळ्या जागेवर धरण्यापुरते वेल्डचे ठिपके मारावेत, सांगाडा बाहेर काढून पूर्ण वेल्डिंग करावे. तिरपी नळी कायमची जोडल्यावर कमान बाहेर येणार नसेल, तर ती मान्यताप्राप्त रचनेच्या बोल्टच्या जोडाने बसवावी. जमिनीवरील पट्ट्यांचे वेल्डिंग गाडीतच करावे लागते, तेव्हा काचांवर व डॅशबोर्डवर ओले गोणपाट टाकावे आणि अग्निशामक हाताशी ठेवावे.

अंतर्सजावटीचे काम सर्वांत जास्त वेळ खाते, आणि तो द्यावाच. मधल्या खांबाच्या प्लास्टिकवर आधी पुठ्ठ्याचा साचा बसवून नळीची रेघ आखावी, बारीक दातांच्या पात्याने रेघेच्या आतून कापावे आणि कानशीने हळूहळू वाढवत नळीभोवती ३ ते ४ मिमीची फट ठेवावी. फट ठेवली नाही तर चाळीसगाव-कन्नड घाटाच्या पहिल्याच वळणांवर प्लास्टिक नळीवर किरकिरू लागते. कडेला रबरी बिडिंग लावली की काप दिसत नाही. गालिच्यात गोल भोक न पाडता अधिकच्या चिन्हासारखा काप द्यावा आणि चारही पाकळ्या पायाभोवती खाली दुमडाव्यात. पुढे केज काढला तर त्या पुन्हा जुळतात. छताचे अस्तर कापूच नये. कमान त्याच्या थोडी खाली ठेवावी. सीटबेल्टचा पट्टा पूर्ण बाहेर ओढून सोडावा आणि तो नळीला कुठेही न घासता सरसर आत जातो का, ते पाहावे.

कमानीच्या वरच्या भागावर एफआयएच्या ८८५७-२००१ मानकाचे कठीण पॅडिंग लावावे. पाइपांवर चढवतात तो मऊ फोम हाताला सुखद लागतो, पण डोके आदळल्यावर तो क्षणात चपटा होतो आणि खाली पोलादच उरते. मे महिन्यात ४५ अंशांपलीकडे जाणाऱ्या आपल्या उन्हात बंद गाडीचा आतील भाग याहूनही तापतो, तेव्हा पॅडिंग केवळ गोंदावर न सोडता बंदांनीही आवळावे आणि दर उन्हाळ्यानंतर ते कडक होऊन तडकले आहे का, हे दाबून पाहावे.

गाडी पहिले काही दिवस चालवल्यावर सगळे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासावेत, एअरबॅगचा दिवा सुरू करताना पेटून नेहमीप्रमाणे विझतो याची खात्री करावी आणि पावसाळ्यात एकदा गालिचा उचलून पट्ट्यांच्या कडांना गंज धरला आहे का, ते पाहावे.