जुनी स्टेशन वॅगन पारखताना: मागचे कार्पेट उचलल्याशिवाय बोलणी नकोत

जुनी स्टेशन वॅगन, म्हणजे टप मागच्या टोकापर्यंत नेलेली आणि सामानासाठी मागे दरवाजा असलेली गाडी, विकत घेण्यापूर्वी तिची अवस्था कशी तपासावी याची ही यादी आहे आणि ती मुद्दाम गाडीच्या मागच्या टोकापासून सुरू होते. मागच्या खेपेस इंजिन, चाके, कागदपत्रे असे सारे पाहून झाले होते. सामानाच्या जागेतील कार्पेट आणि त्याखालची फळी उचलायची तेवढी राहून गेली, आणि खरा खर्च तिथेच दडलेला निघाला. म्हणून ही एक सूचना खाली पुन्हा पुन्हा येईल. सेडान तपासण्याच्या याद्या वॅगनसाठी पुरत नाहीत याचे कारण साधे आहे: बहुतेक वॅगन गाड्या पुढच्या बंपरपासून मागच्या सीटपर्यंत आपल्या सेडान भावंडासारख्याच असतात, त्यामुळे तिथले सुटे भाग मिळून जातात, त्यामागचा टप, मागचा दरवाजा, बाजूच्या लांब काचा, मागचे दिवे आणि तळाचा पत्रा मात्र फक्त वॅगनचाच असतो. वॅगन गाड्या सेडानपेक्षा सहसा कमी बनल्या आणि ओझी वाहून जास्त झिजल्या, त्यामुळे नेमका हाच भाग शोधूनही सापडत नाही.

निघण्यापूर्वी विकणाऱ्याला दोन गोष्टी स्पष्ट सांगून ठेवाव्यात. पहिली, गाडी आदल्या रात्रीपासून सुरू केलेली नसावी, कारण गरम इंजिन आपले बरेच दोष लपवते. दुसरी, सामानाची जागा पूर्ण रिकामी करून ठेवावी. तिथे खोकी, अवजारे किंवा जुनी चाके रचून ठेवलेली दिसली तर संकोच न करता ती बाहेर काढायला सांगावे, आणि नकार मिळाला तर परत फिरावे. सोबत प्रखर टॉर्च, दांडी असलेला छोटा आरसा, पातळ कापडात गुंडाळलेले चुंबक, स्क्रूड्रायव्हर, हातमोजे आणि जमिनीवर आडवे होता येईल असे कपडे असावेत. ओल्या गाडीचा रंग तपासू नये, कारण पाण्याच्या थराखाली प्रत्येक रंग चांगलाच दिसतो. मात्र पाऊस पडून गेल्यानंतरचा कोरडा दिवस मिळाला तर तो अवश्य निवडावा. त्या दिवशी कार्पेटखालचा ओलावा लपवता येत नाही.

आता तळ. मागचा दरवाजा उघडून कार्पेट पूर्ण बाहेर काढावे, एक कोपरा वाकवून आत डोकावणे पुरेसे नाही. त्याखालची फळी उचलावी आणि तिची खालची बाजू पाहावी. फुगलेली, काळवंडलेली किंवा पापुद्रे सुटलेली फळी सांगते की इथे पाणी एकदा सांडलेले नाही, ते वर्षानुवर्षे साठत आले आहे. स्टेपनी तिच्या खणातून बाहेर काढावी, नुसती हलवून पाहू नये, कारण गंज तिच्या बरोबर खाली, खणाच्या सर्वांत खोल भागात असतो. त्या खणाच्या बुडाला निचऱ्यासाठी भोक आणि त्यात रबरी बूच असेल तर ते जागेवर आहे का, आणि भोवतीचा पत्रा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकल्यावर खणखणीत वाजतो की दबका, हे ऐकावे. मग बाजूची पॅनेल उघडावीत. मागच्या चाकांमागे दोन्ही बाजूंना जे खोलगट कप्पे असतात, ज्यात जॅक किंवा अवजारे ठेवतात, तिथे वरच्या काचेतून झिरपलेले पाणी थेट उतरते आणि बाहेर पडायला वाट मिळत नाही. काही वॅगनमध्ये मागे तोंड करून बसायची घडीची तिसरी सीट असते. ती असेल तर उघडून तिच्या पायखोलगटात हात घालावा. ताजा जाड रंग, नुकतेच चिकटवलेले नवे कार्पेट किंवा डांबरासारखा लेप फक्त याच भागात दिसला, तर तो का लावला हे विचारावे आणि उत्तर पटले नाही तर त्याखाली वेल्डिंग किंवा लांबी (पत्र्यातले खड्डे-भोके भरायची पुट्टी) आहे असेच समजावे.

तळ कोरडा आणि निरोगी निघाला तरी पाण्याच्या वाटा तपासाव्यात, कारण गळती आज सुरू झालेली असेल तर गंज दिसायला अजून वेळ आहे. मागच्या दरवाजाची रबरी बीडिंग सर्व बाजूंनी बोटाने दाबून पाहावी. ती कडक झालेली, तुटलेली किंवा खालच्या कोपऱ्यात चपटी झालेली असते. टपावरील रूफ रेल जिथे बोल्टने बसवलेले असतात तिथे प्रत्येक पायाभोवती रंग फुगला आहे का ते पाहावे, आणि आतून त्याच जागी छताच्या कापडावर तपकिरी डाग शोधावेत. बाजूच्या लांब काचांचे रबर आणि मागच्या दिव्यांचे गॅस्केट यांतूनही पाणी शिरते. शक्य असेल तर विकणाऱ्याच्या परवानगीने टपावर आणि मागच्या काचेवर सावकाश पाणी ओतावे, दहा मिनिटे थांबावे आणि उघड्या तळावर टॉर्च मारावा. यासाठीच कार्पेट बाहेर काढलेले हवे. ते परत घालून मग पाणी ओतले तर ही सगळी खटपट वाया जाते.

मागच्या दरवाजाला वेगळा वेळ द्यावा. तो बंद असताना चारही बाजूंच्या फटी सारख्या आहेत का ते पाहावे. एका बाजूला रुंद आणि दुसरीकडे अरुंद फट म्हणजे मागून ठोकर बसलेली असण्याची शक्यता मोठी. उघडल्यावर तो आपोआप तोलून धरला जातो का, की विकणारा खांद्याचा आधार देतो, हे लक्षात ठेवावे. दरवाजा तोलून धरणारे गॅसचे दांडे बदलता येतात, पण बिजागरीजवळचा कुजलेला पत्रा बदलणे हे मोठे काम आहे. दरवाजाच्या खालच्या कडेची दुमड आतून बोटाने चाचपावी. मागचा वायपर, नंबर प्लेटचा दिवा, काच तापवणाऱ्या तारा आणि कुलूप यांपैकी काहीही चालत नसेल तर बिजागरीजवळची वायरिंग पाहावी, कारण दरवाजा हजारो वेळा उघडमिट होताना तारा तिथेच तुटतात. जनरल मोटर्सच्या 1971 ते 1976 दरम्यानच्या मोठ्या वॅगनमध्ये काच वर टपात आणि दरवाजा खाली फरशीखाली सरकतो. ती यंत्रणा पूर्ण उघडून, पूर्ण मिटवून पाहिल्याशिवाय त्या गाडीबद्दल मत बनवू नये.

वॅगनच्या मागच्या दरवाजाची बीडिंग केवळ पाण्यासाठी महत्त्वाची नाही. वॅगनचा मागचा भाग सरळ कापल्यासारखा असल्यामुळे धावत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि सायलेन्सरमधून निघालेला धूर तिथेच घोटाळतो. बीडिंग फाटलेली असेल, तळाला भोक असेल किंवा सायलेन्सरचा शेवटचा तुकडा आखूड बसवलेला असेल तर तो धूर आत ओढला जातो आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, ज्याला वास नाही. मागच्या सीटवर मुले बसणार असतील तर ही बाब किमतीच्या घासाघिशीची नाही. ती दुरुस्त होईपर्यंत गाडी चालवूच नये.

लाकूड असलेल्या वॅगनबद्दल एक इशारा देणे गरजेचे वाटते. 1953 ते 1971 या काळात बनलेल्या मॉरिस मायनर ट्रॅव्हलरच्या मागच्या भागातील ॲश लाकडाचा सांगाडा शोभेचा नाही. गाडीचा मागचा भाग त्याच्यावरच उभा आहे. त्यामुळे तिथे काळे पडलेले, मऊ झालेले किंवा सांध्यात उघडलेले लाकूड म्हणजे गाडीचा ढाचाच कमकुवत झाला असे धरावे. वरून चकाकणारे वॉर्निश पाहून समाधान मानू नये, सांध्यांच्या खालच्या बाजूला नखाने दाबून पाहावे. याउलट फोर्ड कंट्री स्क्वायरसारख्या नंतरच्या अमेरिकन वॅगनच्या बाजूंवर दिसणारे लाकूड म्हणजे बहुतेक चिकटवलेला व्हायनिलचा पट्टा असतो, आणि त्याखाली गंज निवांत पसरतो. पट्ट्याच्या कडेला फुगवटा असेल तर चुंबक तिथेच लावावे.

बाकी पत्र्याचे नियम कोणत्याही जुन्या गाडीसारखेच आहेत, म्हणून थोडक्यात: दारांखालचा पत्रा, जॅक लावण्याच्या जागा, मडगार्डच्या कडा, बॅटरीखालचा ट्रे, पुढच्या शॉक ॲब्सॉर्बरचे वरचे टोक आणि पुढच्या काचेचे खालचे कोपरे. चुंबक जिथे पकड सोडते तिथे लांबी भरलेली आहे. गाडीच्या पोटाला नुकताच काळा लेप दिला असेल तर तो देण्यापूर्वीचे फोटो मागावेत. ते नसतील तर गंजापासून रक्षण म्हणून नव्हे, तर गंज झाकण्यासाठी दिला असे समजून पुढे जावे. आणि हे करता करता जर लक्षात आले की मागचे कार्पेट अजून जागेवरच आहे, फक्त वरवर चाचपले गेले आहे, तर खाली वाकणे थांबवून आधी ते उचलावे.

ओझ्याचा परिणाम मागच्या सस्पेन्शनवर दिसतो. रिकामी गाडी सपाट जमिनीवर मागून बसलेली दिसत असेल तर स्प्रिंग किंवा पाटे थकले आहेत. मर्सिडीजच्या 123 मालिकेतील वॅगन, म्हणजे 1978 ते 1986 दरम्यानच्या टी मॉडेल गाड्या, मागे आपोआप उंची सांभाळणारी तेलाच्या दाबावरची यंत्रणा घेऊन येतात. इंजिन चालू ठेवून मागे दोन-तीन माणसांना बसवावे. थोड्या वेळात गाडी पुन्हा वर यायला हवी. ती येत नसेल, चालवताना मागची बाजू कडक आपटत असेल किंवा मागच्या चाकांजवळ तेलाचे ओघळ असतील तर पंप, नळ्या आणि दाबाचे गोळे यांचा खर्च धरूनच बोलावे. ही यंत्रणा काढून साधे स्प्रिंग बसवलेले असतील तर तसे सांगितले गेले आहे का, हेही पाहावे. टो-हुक असेल तर गाडीने ट्रेलर ओढला आहे असे धरून क्लच, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल यांकडे अधिक संशयाने बघावे. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल काळे असून जळका वास येत असेल तर थांबावे.

इंजिनाबद्दल: आधी बोनेटला हात लावून ते थंडच आहे ना हे पाहावे. सुरू होताच निळा धूर म्हणजे तेल जळते आहे. गरम झाल्यावरही न थांबणारा पांढरा धूर आणि कमी होणारे कूलंट म्हणजे हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या दोन भागांमधले सील, खराब झाल्याचा संशय. तेलाच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली तर तीही त्याच दिशेने बोट दाखवते, जरी फक्त छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत ती साध्या ओलाव्यानेही जमते. टायमिंग बेल्ट असेल तर किलोमीटरपेक्षा त्याचे वय विचारावे आणि पावती नसेल तर तो बदलायचाच आहे असे धरावे. 1980 च्या दशकातल्या अनेक व्हॉल्वो 240 गाड्यांत इंजिनाभोवतीच्या तारांवरचे आवरण ठिसूळ होऊन गळून पडते. बदललेली वायरिंग हा तिथे मोठा गुण आहे. याच गाडीच्या किलोमीटर मीटरमधील प्लास्टिकचा छोटा दातेरी भाग तुटून आकडे जागीच थांबतात, तेव्हा मीटरवरच्या संख्येवर किंमत ठरवू नये. तिचा हीटरचा पंखा चालतो का तेही पाहावे, कारण तो बदलायला जवळपास सगळा डॅशबोर्ड उतरवावा लागतो.

रस्त्यावर: ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढते का, वेग घेताना मागून घरघर येते का, गिअर उडतो का, स्टेअरिंगला किती ढिलाई आहे. गाणी बंद, काचा एकदा बंद आणि एकदा उघड्या. मागून खडखडाट येत असेल तर तो सैल पॅनेलचा आहे की शॉक ॲब्सॉर्बरचा, हे कोणाला तरी मागे बसवून ऐकायला लावावे. टायरवरचा चार अंकी आकडा आठवडा आणि वर्ष सांगतो. तो तीन अंकी असेल तर टायर 2000 च्या आधीचा आहे, मग खाचा कितीही खोल असोत. ब्रेकचे रबरी होस फुगलेले किंवा तडकलेले नसावेत.

बोलणी सुरू करण्यापूर्वी स्वतःला एकच प्रश्न विचारावा: मागचा तळ उघडा असताना पाहिला का? फोटोवर, विकणाऱ्याच्या शब्दावर किंवा "गॅरेजवाल्याने बघितले आहे" यावर भागवू नये.

कागदपत्रे नेहमीचीच: चॅसी आणि इंजिनाचे क्रमांक गाडीवर प्रत्यक्ष वाचून जुळवावेत, दुरुस्तीच्या पावत्यांवरील तारखा आणि किलोमीटर क्रमाने लावून पाहावेत. सामान झाकायचा गुंडाळी पडदा, त्याची दोन्ही टोके, मागची प्लास्टिकची पॅनेल आणि जॅक जागेवर आहेत का ते मोजून घ्यावे. सर्व किल्ल्या प्रत्येक कुलपात लावून पाहाव्यात, आणि मागच्या दरवाजाची किल्ली वेगळी असेल तर ती व्यवहाराच्या आधी हातात घ्यावी.