जुन्या काळातल्या साहस कादंबरीवर पिक्चर करायचाय? मग पडद्यामागचं काम असं लावा

कादंबरीचे हक्क हातात आले रे आले की सगळे लोकेशन बघायला पळतात. तसं नका करू. आधी पुस्तक दोनदा वाचा आणि दुसऱ्यांदा वाचताना फक्त एवढंच लिहून काढा की कुणाच्या हातात काय आहे, प्रवास कशावरनं चाललाय, उजेड कशाचा आहे आणि एकेका कामाला वेळ किती लागतोय. ही यादी म्हणजे तुमचं खरं स्क्रिप्ट आहे, मी तर म्हणेन डायलॉगपेक्षा ती महत्त्वाची. ठासणीची बंदूकच घ्या, एकदा उडाली की परत भरायला तरबेज शिपायालाही साधारण २० सेकंद लागायचे, म्हणजे हिरोचा नेम चुकला की तेवढा वेळ त्याला तलवारीवरच निभवावं लागणार, आणि पाऊस पडत असेल तर दारू भिजून पहिला बारही उडेलच असं नाही. हे एवढं जरी नीट पाळलंत तरी सीनमधे टेन्शन आपोआप येतं, वेगळं म्युझिक लावायची गरज नाही.

कथानक बदलायला बिनधास्त बदला. दिग्दर्शक पीटर वीअरच्या २००३ च्या 'मास्टर अँड कमांडर' या जहाजावरच्या सिनेमात मूळ कादंबरीतलं ब्रिटन-अमेरिकेचं १८१२ चं युद्ध काढून गोष्ट १८०५ मधे नेली आणि शत्रूचं अमेरिकन जहाज फ्रेंच केलं, पण जहाजावरची कामं, हुद्दे, जखमींवरचे उपचार यात कुठेच ढिलाई नाही. मला हाच हिशोब पटतो, घटना हलवल्या तर चालतं, कामाची रीत हलवली की प्रेक्षकाला लगेच खोटं वाटायला लागतं.

आता कपडे. इथे वेळ घाला, कारण नवा शिवलेला कोट कॅमेऱ्यासमोर गॅदरिंगमधल्या ड्रेससारखा दिसतो. आधी धुवून घ्या, मग चहाच्या पाण्यात बुडवून पांढरेपणा मारा. नंतर कोट अंगावर चढवून बघा की माणूस कुठे घासतो, कोपर, गुडघे, कॉलरची आतली कड, खिशाचं तोंड, तलवारीचा पट्टा जिथे कमरेला लागतो ती जागा, आणि सँडपेपर नि तारेचा ब्रश फक्त तिथेच चालवा, सगळीकडे सारखं घासलंत की मुद्दाम केलेलं कळतं. खिशात दगड भरून कोट ओला करून रात्रभर टांगून ठेवा, सकाळी खिसे बरोब्बर लोंबलेले मिळतात. एखादं बटण वेगळं लावा. शेवटी धुळीसाठी मुलतानी माती, शूटिंगमधे सर्रास वापरतात, पण श्वासात जाते, त्यामुळे उडवणाऱ्याला मास्क द्याच. आणि एकाच कोटाच्या स्वच्छ, मळका, फाटका-रक्ताळलेला अशा वेगवेगळ्या प्रती करा, स्टंट डबलच्या (धोक्याच्या शॉटला नटाच्या जागी येणाऱ्याच्या) वेगळ्या, कारण शूट क्रमाने होत नाही, मधला सीन आधी आणि सुरुवातीचा नंतर असं चालतं. रोजचे फोटो काढून ठेवा, नाहीतर दोन शॉटमधे डाग जागा बदलतो.

तलवारबाजी आधी एकदम संथ बसवायची. प्रत्येक वाराला नंबर द्या, दोघांनी नंबर म्हणत म्हणत करायचं, वेग सगळ्यात शेवटी वाढवायचा. वार करायच्या आधी नजरानजर झालीच पाहिजे आणि टोक अंगाच्या बाहेरच जायला हवं, कॅमेरा नीट लावला की पडद्यावर ते लागल्यासारखंच दिसतं. वार अडवायच्या शॉटला हलकी अॅल्युमिनियमची पाती, क्लोजअपला बोथट स्टील, पळताना-पडताना रबराची. बंदुकीसाठी शस्त्रांचा जाणकार माणूस सेटवर हवाच, नुसत्या दारूचा बारसुद्धा जवळून जीव घेऊ शकतो, इथे पैसे वाचवायचे नाहीत.

उजेडाबद्दल, १९७५ च्या 'बॅरी लिंडन'साठी दिग्दर्शक स्टॅनली कुब्रिकने नासासाठी बनवलेल्या झाइस कंपनीच्या एफ ०.७ लेन्स, म्हणजे खूपच जास्त उजेड आत घेणाऱ्या, वापरून मेणबत्त्यांवर शूट केलं होतं. आताचे डिजिटल कॅमेरे कमी उजेडात खूप पुढे गेलेत, तुम्हाला तसली लेन्स लागणार नाही, पण अॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत घेणारं भोक, खूप उघडं ठेवलं की फोकस बोटभर जागेतच राहतो, म्हणून नटांना सांगा की बोलताना पुढे-मागे झुकू नका.

जहाज परवडत नसेल तर केबिन जमिनीवरच बांधा. कंदिलाला बारीक दोरा बांधून एकजण फ्रेमबाहेरनं तो संथ लयीत ओढेल, कॅमेरामन त्याच लयीत कॅमेरा कलता करेल, आणि नटांनी कलाच्या उलट बाजूला एकत्र तोल टाकायचा. एकजण जरी चुकीच्या बाजूला झुकला तरी सगळं फसतं, त्यामुळे बाजूला कुणीतरी मोठ्याने आकडे म्हणत राहायचं, तो आवाज नंतर काढता येतो. लाकडाची करकर, दोरांचा ताण, बुटांचे आवाज वेगळे रेकॉर्ड करा आणि करकर कंदिलाच्या झोक्याच्या टोकाला, जिथे तो क्षणभर थांबतो, तिथेच बसवा.