जपानी टंकलेखनासाठी संगणकाची तयारी

जपानी शिकणाऱ्याने निबंध किंवा ईमेल लिहायला बसण्यापूर्वी संगणकाची तयारी एकदाच, पण नीट करून घ्यावी. विंडोज ११ मध्ये सेटिंग्जमधील वेळ आणि भाषा या विभागात जाऊन जपानी भाषा जोडावी. त्या वेळी ही भाषा संपूर्ण संगणकाची प्रदर्शनभाषा करण्याच्या पर्यायावर खूण नाही ना, हे आधी पाहावे, अन्यथा सगळे मेनू जपानीत दिसू लागतील. मॅकवर कीबोर्डच्या सेटिंग्जमधून ‘जपानी – रोमाजी’ (रोमन अक्षरांतून जपानी) हा इनपुट स्रोत जोडावा, तर लिनक्सवर मोझ्क हा जपानी टंकलेखनाचा प्रोग्रॅम बसवावा. यानंतर विंडोजमध्ये जपानी भाषेच्या पर्यायांत हार्डवेअर कीबोर्डची मांडणी तपासावी. तेथे जपानी मांडणी निवडलेली असेल, तर आपल्याकडच्या कीबोर्डवर शिफ्ट आणि २ दाबल्यावर ईमेलमधील ‘ॲट’च्या जागी अवतरणचिन्ह उमटते. इंग्रजी १०१/१०२ ही मांडणी निवडून संगणक पुन्हा सुरू केला की ही अडचण दूर होते.

भाषा बदलण्यासाठी विंडोज आणि स्पेसबार, तर जपानीतच राहून हिरागाना (जपानीची मूळ उच्चारलिपी) व रोमन यांत अदलाबदल करण्यासाठी ऑल्ट आणि एस्केपखालची कळ, या दोन जोड्या हाताला वळण लागेपर्यंत घोटाव्यात. रोमन अक्षरांतून मराठी लिहिणाऱ्याला पुढचा टप्पा नवा वाटेल, कारण येथे हिरागाना उमटले म्हणजे काम संपत नाही. के-ओ-यू-ई-एन-एन असे ‘कोउएन’ लिहून स्पेसबार दाबला की बाग, व्याख्यान, नाट्यप्रयोग असे निरनिराळ्या अर्थांचे शब्द कानजीत, म्हणजे चिनी मूळच्या चित्राक्षरांत, समोर येतात. त्यांतील योग्य शब्द अर्थ पाहूनच निवडावा व मगच एंटर दाबावे. यादीतील पहिलाच शब्द डोळे मिटून स्वीकारण्याची सवय मला सर्वांत घातक वाटते.

सर्वाधिक सराव ‘एन’ या अक्षराचा करावा. ‘न्’ हा स्वतंत्र वर्ण पक्का करायला एन दोनदा दाबावा लागतो. म्हणून के-आय-एन-ई-एन-एन असे लिहिले तर ‘स्मरणार्थ’ या अर्थाचा किनेन हा शब्द मिळतो आणि मधला एन दोनदा दाबला तर ‘धूम्रपान निषिद्ध’ या अर्थाचा किन्एन. याच नियमाने कोन्निचिवा लिहिताना सलग तीन एन लागतात. शिवाय त्याचा शेवट उच्चाराप्रमाणे ‘वा’ असला, तरी टंकताना एच-ए हीच अक्षरे द्यावी लागतात, कारण हे टंकलेखन उच्चाराच्या नव्हे, तर ‘काना’ या जपानी उच्चारलिपीतील लेखनाच्या मागे जाते.

आपले नाव काताकानात, म्हणजे परकीय शब्दांसाठीच्या जपानी लिपीत, लिहून पाहणे ही उत्तम चाचणी आहे. पाटील या आडनावासाठी पी-ए-टी-एच-आय-आर-यू टंकून एफ ७ दाबावे. लॅपटॉपवर त्यासोबत एफएन कळ लागू शकते. ईमेल पत्ता किंवा संकेतशब्द देताना मात्र अक्षरे अर्ध्या रुंदीची, म्हणजे नेहमीची इंग्रजी, असावीत. पूर्ण रुंदीचा अंक दिसायला जवळपास सारखा असला, तरी संगणक त्याला वेगळे चिन्ह मानतो.

शेवटी फाँट पाहावा. युनिकोड या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या संगणकीय मानकात अनेक चिनी व जपानी अक्षरांना एकच क्रमांक असल्यामुळे चिनी फाँट लागला, तर काही कानजींचे वळण बदलते. ‘सरळ’ या अर्थाच्या ‘चोकु’ या कानजीत डावीकडून खाली उतरून उजवीकडे वळणारी रेघ दिसली पाहिजे. तेथे तळाशी केवळ आडवी रेघ दिसत असेल, तर यू गोथिक किंवा मेइर्यो हा फाँट निवडावा.