पोटाचा घेर कमी करताय? या चुका टाळा

पँटच्या मापावरून पोटाचा अंदाज बांधणं ही पहिली चूक, आणि माझ्या मते सगळ्यांत महागात पडणारी. पोट सुटायला लागलं की पँट हळूहळू खाली सरकते. बेंबीजवळ बसणारा पट्टा पोटाच्या खाली येऊन टेकतो. माप दहा वर्षांपूर्वीचंच राहतं आणि माणूस निर्धास्त असतो.

खरं माप घ्यायला शिंप्याकडे असते तशी टेप पुरते. शर्ट वर करून सरळ उभे राहा. कुशीत बोटांनी चाचपून सगळ्यांत खालची बरगडी शोधा, मग कमरेच्या हाडाची वरची कड. या दोन्हींच्या बरोबर मधोमध टेप आडवी गुंडाळा, पण आवळू नका. नेहमीसारखा श्वास सोडा आणि मग आकडा वाचा. पोट आत ओढलंत तर फसवणूक स्वतःचीच. हा आकडा उंचीच्या निम्म्याहून कमी हवा: उंची १६४ सेंटीमीटर असेल, तर घेर ८२ च्या आत. वजन बेताचं आहे म्हणून टेपच न लावणाऱ्यांनी तर आधी लावावी. हातपाय काटकुळे आणि पोट तेवढं पुढे, अशा अंगकाठीत वजनकाटा काहीच सांगत नाही.

चिमटीत येते ती चरबी कातडीखालची. जास्त धोक्याची चरबी तिच्याही आत, आतड्यांभोवती साठते. तिच्यातून सुटणारी मेदाम्लं थेट यकृताकडे जातात. त्यातून फॅटी लिव्हर होतं, शरीर इन्शुलिनला दाद देईनासं होतं, आणि पुढे टाइप २ मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांची वाट मोकळी होते. २००४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १५ लठ्ठ स्त्रियांच्या पोटावरची कातडीखालची चरबी लायपोसक्शनने काढली होती, सरासरी ९ ते १० किलोंच्या आसपास. दहा-बारा आठवड्यांनी तपासलं तेव्हा इन्शुलिनला शरीराचा प्रतिसाद आणि रक्तदाब होते तिथेच होते. म्हणून नुसतं पोट सपाट दिसण्याच्या मागे लागू नका.

क्रंचेसने पोटाचे स्नायू बळकट होतात, ते जरूर करा. पण त्यांच्यावरची चरबी तेवढ्याने जळत नाही, कारण शरीर चरबी कुठून वापरायची हे आपल्याला विचारत नाही. घाम आणणाऱ्या पट्ट्यांनी तर फक्त पाणी जातं, आणि ते पुढच्या दोन ग्लासांत परत येतं.

उपाशी राहून झटपट उतरवलेल्या वजनात स्नायूही जातात. आठवड्याला अर्धा ते एक किलो हा वेग पुरे. प्रत्येक जेवणात प्रथिनं असू द्या. साखरेची पेयं बंद करा, फळांचा रसही त्यातच धरा. दारूच्या एका ग्रॅम अल्कोहोलमध्ये ७ कॅलरी असतात, त्याही हिशेबात घ्या.

सगळ्यांत हळहळ वाटते ती तिसऱ्या आठवड्यात चालणं सोडणाऱ्यांची. काटा हलला नाही, म्हणजे काही उपयोग नाही, असं त्यांना वाटतं. पण नियमित व्यायामाने वजन तेवढंच राहूनही आतली चरबी कमी होऊ शकते. म्हणून रोज काट्यावर चढू नका, महिन्याने टेप लावा. आठवड्याला किमान १५० मिनिटं भरभर चालणं, बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगाने, आणि दोन दिवस वजनं उचलण्यासारखे ताकदीचे व्यायाम. झोप किमान सात तास.

एक मात्र लक्षात ठेवा. पोट थोड्याच आठवड्यांत फुगलं असेल, ताठर लागत असेल, पायांवर सूज असेल किंवा दोन घासांत पोट भरत असेल, तर ती चरबी समजून चालत बसू नका. तेव्हा आधी डॉक्टरांना दाखवा.