खिशात विस्तव बाळगायचा तर

लायटर घ्यायला दुकानात शिरण्याआधी तो नेमका कशाला लागणार आहे, हे मनाशी ठरवून घ्या. शेकोटीचे फोटो बघून चारशे रुपयांची फेरो रॉड, म्हणजे खरवडली की ठिणग्या पाडणारी धातूची कांडी, मागवणारे पुष्कळ आहेत. पण पुण्या-मुंबईत राहून शनिवार-रविवारी डोंगरात जाणाऱ्या माणसाला विस्तव लागतो तो वेगळ्याच कामांना. वीज गेली की मेणबत्ती, गडावर चहाचा स्टोव्ह, नायलॉनच्या दोरीचं उसवलेलं टोक वितळवून बसवणं, पायातला काटा काढण्याआधी सुईचं टोक तापवून घेणं. आणि कधीतरी एखादी अशी रात्र, की वाट चुकलेली, अंग चिंब भिजलेलं आणि खाली गाव कुठे तेही दिसत नाही. रोजच्या कामासाठी घेतलेली वस्तू त्या रात्रीलाही चालली पाहिजे, एवढीच अट. सह्याद्रीत ही अट थंडी घालत नाही, पाऊस घालतो. म्हणून ‘वाऱ्यात पेटतो का’ यापेक्षा ‘भिजल्यावर किती वेळात पुन्हा पेटतो’ हा प्रश्न आधी विचारा.

या प्रश्नाला माझ्या मते सगळ्यात चांगलं उत्तर पानटपरीवरच मिळतं: चाक फिरवून पेटणारा साधा गॅस लायटर. एक नव्हे, दोन घ्या. एक खिशात, एक सॅकमध्ये. आता दहा रुपयांच्या लायटरची आशा सोडून द्या. जून २०२३ मध्ये केंद्र सरकारने २० रुपयांहून कमी किमतीच्या सिगारेट लायटरच्या आयातीवर बंदी घातली, त्यामुळे थोडे जास्त पैसे मोजावे लागतात, मोजावेत. घेताना लायटर उजेडाकडे धरून आतल्या गॅसची पातळी बघा. टपरीवाला कंटाळेल इतक्या वेळा पेटवून बघा. बोट उचलताच ज्योत विझली पाहिजे. रेंगाळत असेल तर परत द्या. विझल्यावर कानाशी धरा, बारीक सूं ऐकू आलं तर गॅस गळतोय. ज्योत कमी-जास्त करायची कळ असलेल्यापेक्षा ठरावीक ज्योतीचा बरा, कारण ती कळ खिशात आपोआप सरकते आणि पुढच्या वेळी भुवया जातात.

बाकीचे प्रकार झटपट निकालात काढू. बटण दाबून ‘टक’ करणाऱ्या लायटरमध्ये छोटी हातोडी स्फटिकावर आपटून वीज तयार होते. ओल शिरली की ठिणगी भलतीकडेच पडते आणि तुम्ही बसता टक-टक करत. निळ्या ज्योतीचा जेट लायटर वाऱ्यात छान चालतो, पण गॅस भसाभसा खातो, आणि आत यंत्रणा बहुधा तीच. चार्जिंगचा प्लाझ्मा लायटर, ज्योतीऐवजी विजेची ठिणगी देणारा, घरी उदबत्तीला ठीक. डोंगरात आधीच मोबाईल, टॉर्च आणि पॉवर बँक यांची बॅटरी सांभाळताना जीव जातो, त्यात आणखी एक कशाला? पेट्रोलचा धातूचा लायटर दिसायला देखणा, पण त्यातलं इंधन न वापरताही आठवड्या-दोन आठवड्यांत उडून जातं. म्हणजे तो रोज वापरणाऱ्याचा. अडीअडचणीसाठी ठेवणाऱ्याचा नव्हे. स्वयंपाकघरातला गॅस लायटर काही लोक ट्रेकला आणतात. त्याने गॅसचा स्टोव्ह पेटतो, पण त्याला ज्योत नसते. मेणबत्तीपुढे तो कितीही वाजवा.

लायटर आणला की त्याच दिवशी एक काम करा. सायकलच्या जुन्या ट्यूबचा बोटभर रुंद तुकडा कापून लायटरला घट्ट वेढा द्या आणि त्याची कड गॅसच्या कळीखाली सरकवा. सॅकमध्ये दाबून कळ खाली जाते आणि गॅस गुपचूप संपतो, तो प्रकार बंद होतो. पेटवताना रबर खाली ओढायचं, झालं. शिवाय तो तुकडा स्वतः उत्तम पेटतो: पाण्यात बुडवून काढला तरी पुसून ज्योत लावली की जळत राहतो. धूर काळा आणि घाण, त्यामुळे त्यावर स्वयंपाक नको.

आता भिजवून बघा. खरंच भिजवा, मोरीत, मगभर पाण्यात. बाहेर काढल्यावर झटकून पाणी काढा, चाकावर जोरात फुंकर मारा, मग चाक पँटच्या कोरड्या भागावर एकाच दिशेने घासत न्या, पुन्हा पुन्हा. आधी नुसती खरखर, मग एखादी लालसर ठिणगी, मग ज्योत. हे जुलैच्या धारेत पहिल्यांदा करण्यापेक्षा घरी केलेलं बरं.

चाकाखाली असतो तो ‘दगड’ म्हणजे खरं तर सिरियम आणि लोखंडाचा मिश्रधातू. कार्ल आउअर फॉन वेल्सबाख या ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञाने १९०३ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. बाजारातली फेरो रॉड म्हणजे हाच मिश्रधातू लांब कांडीच्या रूपात. म्हणून गॅस संपलेला लायटर फेकू नका. कापसाच्या मोकळ्या केलेल्या बोळ्यावर चाक अगदी हळू फिरवत राहा, म्हणजे ठिणगी न पडता दगडाची करडी पूड कापसावर जमते. मग एकदाच जोरात फिरवा. पूड भस्सकन पेटते आणि कापूस धरतो.

हे जमलं की फेरो रॉड घ्यावीच लागते असं नाही. घ्यायची हौस असेल तर ८ मिलिमीटरहून बारीक घेऊ नका, आणि चावीच्या जुडग्यात लटकवायची काडीएवढी कांडी तर नकोच. नवी रॉड काळ्या रंगाने माखलेली असते; तो रंग खरवडल्याशिवाय ठिणगी पडत नाही, आणि ‘माल खराब निघाला’ म्हणून परत पाठवणारे इथेच फसलेले असतात. खरवडायची पट्टी जागेवर स्थिर धरा आणि रॉड मागे ओढा. पट्टी पुढे ढकलली की हात कापसावर आदळतो आणि मांडलेलं सगळं उधळतं. कोकणात राहणाऱ्यांनी रॉडवर नेलपॉलिशचा हात द्यावा, नाहीतर खाऱ्या दमट हवेत ती पांढरट पडून भुगा व्हायला लागते.

काडेपेटीला मी नाही म्हणत नाही. १ डिसेंबर २०२१ पासून पेटी एक रुपयाची दोन रुपये झाली, तरी तिच्याइतकं स्वस्त काही नाही. फक्त एक लक्षात ठेवा: सेफ्टी काडीच्या गुलात पोटॅशियम क्लोरेट असतं आणि तांबडा फॉस्फरस असतो पेटीच्या कडेला. कड भिजली की कोरड्या काड्याही निरुपयोगी. म्हणून काड्यांसोबत कडेची पट्टी कापून ठेवा, काड्यांच्या गुलांना घासणार नाही अशी, गुलांकडे पाठ करून. डबी म्हणून पाण्यात विरघळणाऱ्या व्हिटॅमिनच्या गोळ्यांची रिकामी नळी वापरा. तिच्या झाकणात ओल शोषणारे दाणे असतात, झाकण घट्ट बसतं आणि काडी आत उभी मावते.

आता यादीतला खरा महत्त्वाचा भाग, ज्यावर लोक सगळ्यात कमी पैसे आणि सगळ्यात कमी डोकं खर्च करतात: ठिणगी कशाला द्यायची? पावसाळ्यात ओल्या काटकीखाली लायटर धरून बसलात तर अंगठा भाजेल आणि लायटर संपेल. मध्ये काहीतरी असं हवं, जे चटकन धरतं आणि चांगलं दहा मिनिटं जळतं. त्यासाठी परदेशी गोळ्या मागवायची गरज नाही; पूजेच्या साहित्याच्या दुकानात जा. तयार फुलवाती मिळतात, तुपाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या पण बहुधा डालड्यात थिजवलेल्या. चार-पाच वाती छोट्या झिपच्या पिशवीत टाका. लायटरची ज्योत लागली की वात शांतपणे जळत राहते आणि तिच्यावर एकेक बारीक काटकी रचायला वेळ मिळतो. ठिणगीवर मात्र ती सहजी पेटत नाही. आधी तिचं टोक बोटांनी उकलून आतला कोरडा कापूस फुलवून घ्या. उन्हाळ्यात ती वितळून पिशवीभर होते, तेव्हा कापसाचे बोळे व्हॅसलीनमध्ये मळून ठेवा. मळताना पूर्ण माखू नका, थोडा कापूस कोरडा राहू द्या.

कापूरही चालतो, ओल्या हवेतही पटकन भडकतो. पण तो उडतो. कागदाच्या पुडीत ठेवलात तर दिवाळीपर्यंत पुडीच उरेल. घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा. सोबत मेणबत्तीचा एक तुकडा असू द्या: लायटरने मेणबत्ती पेटवायची आणि बाकी सगळी खटपट मेणबत्तीवर करायची, म्हणजे लायटर वाचतो. सुंभाचा वीतभर तुकडा उकलून पिंजला की तोही कोरड्या दिवसांत झकास धरतो. जुनी माणसं चिलमीसाठी चकमक बाळगायची, गारगोटी, पोलादाचा तुकडा आणि कापूस. त्यातही सगळा जीव कापसाला कोरडं ठेवण्यातच असायचा.

कुठे पेटवायचं नाही, तेही आधीच ठरवा. राखीव जंगलात आग पेटवणं १९२७ च्या भारतीय वन कायद्याने गुन्हा आहे, आणि हरिश्चंद्रगड, भीमाशंकर, कोयना इथे अभयारण्याचे नियम वरून लागू होतात. डिसेंबरनंतर सह्याद्रीतलं गवत वाळून कोरडंठाक झालेलं असतं; एक ठिणगी आणि वणवा. मार्च २०१८ मध्ये तमिळनाडूत कुरंगणीच्या डोंगरावर लागलेल्या वणव्यात वीसहून अधिक ट्रेकर गेले. लेण्यांत आणि गडावरच्या देवळांत चूल मांडू नका, भिंती काजळतात. आणि कड्याला आग्या मोहोळ लटकलेलं दिसलं तर धूर कुठल्याच कारणाने नको. पायाला जळू चिकटली तर तिला लायटरने चटका देण्याची जुनी खोडही सोडा; ती पोटातलं जखमेत ओकून सुटते. नखाने तोंडाशी सरकवून काढा.

प्रवासाचं थोडक्यात. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर लायटर विसरू नका, तो फुटतो. विमानाने जाणार असाल तर लायटर, काडेपेटी घरीच. हँडबॅगेत नाही आणि चेक-इनमध्येही नाही. डेहराडूनला किंवा लेहला उतरून बाजारात घ्या. रॉकेल, पेट्रोल किंवा गॅसची टाकी रेल्वेत नेणं १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १६४ खाली तुरुंगापर्यंत जाऊ शकतं. हिवाळी हिमालयात मात्र लायटरचा स्वभाव बदलतो: ब्यूटेन उणे अर्ध्या अंशाच्या खाली वायू व्हायचं थांबतं आणि भरलेला लायटर मुका होतो. तिथे तो सॅकमध्ये नको, आतल्या कपड्याच्या खिशात अंगाला लागून हवा, आणि सोबत काड्यांची नळी.

निघायच्या आदल्या रात्री एवढं बघा: खिशातला लायटर पहिल्या-दुसऱ्या झटक्यात पेटतो, सॅकमधलाही पेटतो, वाती पिशवीत आहेत, मेणबत्ती आहे, नळीचं झाकण लागलेलं आहे. काड्या दर पावसाळ्याच्या तोंडावर नव्या भरा. काढलेल्या देवघरात वापरून टाका.