फोनवर कुणी क्रिप्टोत पैसे मागितले तर काय करावे

भारतात दंड, अनामत, कर किंवा पडताळणीची रक्कम क्रिप्टोत, म्हणजे बिटकॉइनसारख्या डिजिटल नाण्यांत, घेणारे एकही सरकारी कार्यालय नाही. पोलीस घेत नाहीत, न्यायालय घेत नाही, आयकर विभाग घेत नाही, आणि अडकलेले पार्सल सोडवण्यासाठी कुरिअर कंपनीही घेत नाही. म्हणून फोनवरच्या माणसाने ‘यूएसडीटी (हे असेच एक नाणे) घ्या आणि या पत्त्यावर पाठवा’ असे म्हटले, की त्याचे ओळखपत्र खरे आहे का, त्याला आपला आधार क्रमांक कसा ठाऊक, हे प्रश्न सोडून द्यावेत. ती मागणीच त्याची ओळख आहे. घरातल्या माणसांना एवढे पाठ झाले तरी पुष्कळ काम होते, पण ऐन वेळी ते आठवायला हवे असेल तर पैसा नेमका कुठे हातातून सुटतो हे आधी समजलेले असावे.

एका बँक खात्यातून दुसऱ्या खात्यात गेलेल्या रुपयाचा माग काही काळ तरी लागतो. समोरचे खाते कुणाच्या तरी नावावर असते, त्याचे केवायसी झालेले असते, आणि तक्रार वेळेत पोहोचली तर बँक ती रक्कम तिथल्या तिथे रोखून धरू शकते. क्रिप्टोच्या वॉलेटचे, म्हणजे ही नाणी ठेवण्याच्या डिजिटल पाकिटाचे, तसे नसते. ठकांच्या विशेष आवडीचे यूएसडीटी हे नाणे घ्या. त्याची किंमत साधारण एका डॉलरला बांधलेली असते, आणि ते ज्या जाळ्यांवरून पाठवले जाते त्यांपैकी ट्रॉन या नेटवर्कवरचा वॉलेटचा पत्ता म्हणजे इंग्रजी टी या अक्षराने सुरू होणारी, ३४ अक्षरे-आकड्यांची एक ओळ. त्या ओळीत ना बँकेची शाखा, ना आयएफएससी कोड, ना खातेदाराचे नाव. एकदा व्यवहार नोंदला गेला, की तो उलटवण्याचा अधिकार कोणत्याही बँकेला राहत नाही.

आपल्याकडे याला आणखी एक पदर आहे आणि तो फार थोड्यांच्या ध्यानात येतो. ठक पुष्कळदा पी-टू-पी पद्धतीने, म्हणजे थेट दुसऱ्या व्यक्तीकडून, यूएसडीटी विकत घ्यायला लावतो. या पद्धतीत तुमचे रुपये एका तिसऱ्याच विक्रेत्याच्या खात्यात जातात. तो बरेचदा निर्दोष असतो, त्याने ठरल्याप्रमाणे नाणी तुमच्या वॉलेटमध्ये दिलेली असतात, आणि फसवणूक होते ती त्यानंतर, तुम्ही ती नाणी स्वतःच्या हाताने ठकाच्या पत्त्यावर पाठवता तेव्हा. मग तक्रार केल्यावर गोठते ते त्या विक्रेत्याचे खाते, आणि ठकाला झळही लागत नाही. त्यामुळे थांबायचे असेल तर नाणी विकत घेण्याच्या आधी थांबावे. पैसा रुपयांत आहे तोवर त्याला धरून ठेवणारे कुणीतरी आहे.

सर्वांत गोड बोलून होणारी फसवणूक टास्कची. व्हॉट्सॲपवर निरोप येतो, की घरबसल्या काम आहे, गुगल मॅपवरच्या हॉटेलांना पाच तारे द्यायचे आणि दर टास्कमागे ५० रुपये मिळवायचे. तीन टास्क झाल्यावर १५० रुपये खरोखरच यूपीआयने जमा होतात, आणि पुढे जाणाऱ्या लाखांचे बियाणे हेच असते. मग टेलिग्रामच्या एका ग्रुपमध्ये घेतले जाते, जिथे रोज कुणी ना कुणी आपल्या कमाईचे स्क्रीनशॉट टाकत असतो. हे उत्साही सभासद ठकांचेच साथीदार असतात. तिथून ‘प्रीपेड टास्क’ सुरू होतात, एका ॲपवर खाते उघडले जाते, त्यात यूएसडीटी भरायला लावतात, आणि स्क्रीनवरचा शिल्लक रकमेचा आकडा दर संध्याकाळी वाढलेला दिसतो. तो आकडा कुणीतरी पलीकडे बसून भरत असतो, त्याच्यामागे पैसा नसतो. हे कळते विड्रॉल करायला गेल्यावर, कारण तेव्हा ‘आधी ३० टक्के कर भरा, मग रक्कम सुटेल’ असा निरोप येतो.

ही मागणी पटते, कारण तिच्यात खऱ्याची भेसळ असते. १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, आणि १ जुलै २०२२ पासून ठरावीक मर्यादेपुढच्या हस्तांतरांवर १ टक्का टीडीएस आहे. पण टीडीएस देय रकमेतून कापतात, तो वरून मागत नाहीत. आणि आयकर हा करदाता आपल्या पॅनवर थेट सरकारकडे रुपयांत भरतो, कुण्या ॲपच्या वॉलेटमध्ये नव्हे. स्वतःचेच पैसे सोडवून घेण्यासाठी आणखी पैसे मागितले गेले, तर आधीचे गेले असे समजून पुढचे वाचवावेत. गेलेले परत मिळवायच्या आशेने पाठवलेली दुसरी आणि तिसरी रक्कमच संसार मोडते. ठरलेल्या मोठ्या परताव्याबद्दल पुणेकरांना तर वेगळे सांगायला नको, कारण पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये कारवाई केलेल्या गेनबिटकॉइन या क्रिप्टो गुंतवणुकीतल्या फसवणुकीच्या प्रकरणात दरमहा १० टक्के, असे १८ महिने देण्याचे वचन दिलेले होते.

दुसरी तऱ्हा धाकाची. ‘तुमच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले आहेत’ असे सांगून व्हिडिओ कॉलवर खाकी गणवेशातला माणूस येतो आणि दार लावून घ्या, कॅमेरा बंद करू नका, घरात कुणाला सांगू नका, असे फर्मावतो. ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची कोणतीही तरतूद आपल्या कायद्यात नाही, आणि पंतप्रधानांनीही २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये हेच सांगितले होते. या प्रकारात बहुधा रुपये भाड्याने घेतलेल्या खात्यांत मागवतात आणि त्यांचे क्रिप्टो करण्याचे काम टोळी स्वतः करते. म्हणजे इथे तक्रारीला थोडा अवधी असतो, पण तो तासांत मोजावा, दिवसांत नव्हे. ‘तुमचा पासवर्ड मला माहीत आहे, तुमचा व्हिडिओ माझ्याकडे आहे, ४८ तासांत बिटकॉइन पाठवा’ अशा ईमेलने मात्र घाबरून जाऊ नये. तो पासवर्ड बहुतेक वेळा कुठल्या तरी संकेतस्थळावरून पूर्वी फुटलेल्या माहितीतला असतो. तो जिथे जिथे वापरात असेल तिथे बदलावा आणि उत्तर देऊ नये.

असा फोन चालू असताना करण्याची पहिली गोष्ट म्हणजे तो ठेवून देणे. आपल्या आधीच्या पिढीला हे मुद्दाम सांगावे लागते, कारण साहेब बोलत असताना फोन ठेवणे त्यांना उद्धटपणाचे वाटते. फोन ठेवल्यावर ज्या कार्यालयाचे नाव सांगितले असेल, त्याचा क्रमांक स्वतः शोधून तिथे विचारावे. आलेल्या क्रमांकावर उलट फोन करू नये. एनीडेस्कसारखे स्क्रीन दाखवणारे ॲप कुणाच्याही सांगण्यावरून घेऊ नये आणि घेतलेच असेल तर लगेच काढून टाकावे. मगच घरातल्या एका माणसाला घडले ते मोठ्याने सांगावे, कारण ‘कुणाला सांगू नका’ या एका अटीवर ही सगळी फसवणूक उभी असते.

पैसे गेलेच असतील तर रडण्याआधी, रागावण्याआधी १९३० हा राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनचा क्रमांक लावावा आणि त्याच वेळी घरातल्या दुसऱ्या कुणी बँकेला कळवावे. यूपीआयच्या व्यवहाराचा १२ आकडी संदर्भ क्रमांक हाताशी ठेवावा. नाणी पाठवली असतील तर व्यवहाराचा हॅश, म्हणजे ६४ अक्षरे-आकड्यांची ती लांबलचक ओळ, आणि ठकाचा पत्ता हे दोन्ही कॉपी करून ठेवावेत. हाताने लिहू नयेत, एक अक्षर चुकले तरी माग तुटतो. चॅट लाजेपोटी पुसून टाकू नये. त्यानंतर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर लेखी तक्रार करून तिचा पोच क्रमांक घ्यावा, आणि ज्या एक्स्चेंजवरून, म्हणजे क्रिप्टोच्या खरेदी-विक्रीच्या ॲपवरून, नाणी गेली त्यालाही तो कळवावा. मार्च २०२३ पासून अशा कंपन्यांना मनी लाँडरिंगविरोधी कायदा लागू आहे, त्यामुळे ग्राहकांच्या ओळखीच्या नोंदी ठेवणे त्यांना बंधनकारक आहे. यूएसडीटी काढणारी टेदर ही कंपनी तपास यंत्रणांच्या विनंतीवरून एखाद्या पत्त्यावरची नाणी गोठवू शकते, बिटकॉइनला अशी कंपनीच नाही. तेव्हा यूएसडीटी गेले असतील तर ‘आता काय उपयोग’ म्हणून तक्रार टाळू नये.

तक्रारीनंतर काही दिवसांनी ‘तुमचे क्रिप्टो परत मिळवून देतो, आधी थोडे शुल्क भरा’ असे सांगणारा कुणी भेटला, तर तो त्याच साखळीतला पुढचा ठक आहे हे धरून चालावे. आपले बँक खाते कमिशनवर कुणाला वापरायला देऊ नये, हे कॉलेजातल्या मुलांना तर बसवून सांगावे, कारण तपास सर्वांत आधी त्या खात्याच्या दारात येतो. अमेरिकेत शिकायला गेलेल्या मुलांना आणखी एक सांगावे, की दुकानांतून आणि पेट्रोल पंपांवर दिसणाऱ्या बिटकॉइनच्या एटीएममध्ये फोनवरच्या माणसाच्या सांगण्यावरून रोख रक्कम भरायची नाही, मग तो स्वतःला दूतावासातला अधिकारी म्हणवून घेत असला तरी.

हे सगळे घरातल्या वडीलधाऱ्यांना सांगताना ‘तुम्हाला कळत नाही’ या सुरात सांगू नये. ज्याला आधीच ऐकून घ्यावे लागले आहे, तो फसल्यावर लपवतो, आणि लपवण्यात जे दोन दिवस जातात त्यांत पैसा कायमचा निघून जातो. त्यापेक्षा शेजारी बसून तो खोटा फोन आपणच करून दाखवावा, साहेब व्हावे, दरडावावे, आणि त्यांना फोन ठेवायला लावावा. एकदा हाताने केलेले संकटात आठवते. मग कालनिर्णयच्या शेजारी भिंतीवर एक कागद लावावा. त्यावर मोठ्या अक्षरांत १९३० लिहावे, त्याखाली बँकेच्या शाखेचा क्रमांक लिहावा, आणि त्याखाली तुमचा स्वतःचा, तो रात्री दोन वाजताही उचलला जाईल असे त्यांना सांगून.